बर्फखान्यातली टेप

माझ्या भावाचा आवाज कसा होता, हे मला लोक येऊन सांगतात.

परवाचीच गोष्ट. एक नवा शिकाऊ गाडीत बसला. अजून सीट पुढे ओढलेली नाही, आरसा बघितलेला नाही, आणि म्हणतो, "मॅडम, तुम्ही 'लिफ्ट बंद आहे'वाल्यांच्या बहीण ना? काय आवाज होता हो त्यांचा! काचेवर खिळा ओढल्यासारखा! अंगावर काटा यायचा." मी म्हटलं, "क्लच दाब." त्याने ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन अजून बंद होतं म्हणून वाचलो.

मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच असतो. दुसऱ्यांच्या चुकांवर पाय ठेवून इतकी वर्षं काढली. संध्याकाळी पिंढऱ्यांचे दगड झालेले असतात. त्याआधी मी ड्रम वाजवायचे, तेव्हाही पायच दुखायचे. आई म्हणायची, या पोरीला डोकं वाटताना देवाने हात आखडता घेतला आणि उरलेलं सगळं पायात ओतलं.

ज्याच्याबद्दल लोक बोलतात तो माझा दादा. आता साठी उलटली, गुडघे गेले, केस गेले. आवाज तर केव्हाच गेला. बोलतो तेव्हा पाटावरून लाकूड घासल्यासारखं येतं, तेही अर्धं तोंडातच राहतं. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. गच्चीवरच्या त्या कोंदट मशीनखोलीत ग्रीसचे हात, कानात मोटरची घरघर. आणि तो राहतो त्या इमारतीला लिफ्ट नाही. चौथा मजला. यावर विनोद करून झालेले आहेत, तुम्ही नका करू.

तरुणपणी दादा गिटार वाजवायचा आणि गायचा. मी ड्रमवर, आणि बेसवर जाड्या. जाड्या म्हणजे शिडीसारखा माणूस, कुणी कधी आणि का ते नाव ठेवलं देव जाणे. आम्हा तिघांचा बँड. बँडला नाव होतं, पण दर दोन महिन्यांनी भांडण होऊन ते बदलायचं, त्यामुळे ते सांगण्यात अर्थ नाही. दादा तेव्हा एका स्टेशनरीच्या दुकानाचा माल पोचवायचा. कागदाची रिमं खांद्यावर टाकून मजलेच्या मजले चढायचा. 'लिफ्ट बंद आहे' त्यातूनच आलं. खाली दमलेला माणूस वर बसलेल्या माणसाला सांगतोय, इतकंच ते गाणं:

लिफ्ट बंद आहे, तू सातव्या मजल्यावर,
मी तिसऱ्यावर बसलोय, जरा श्वास घेतो,
थांबशील ना?

दादा हे अगदी खालच्या सुरात म्हणायचा. जाड, ऊबदार आवाज होता त्याचा, घोंगडीसारखा. आणि गाणं इतकं सावकाश की मला दोन ठोक्यांच्या मध्ये काय करावं कळायचं नाही. गाताना तो डोळे मिटत नसे. माझ्या हातांकडेही बघत नसे. माझ्या पायाकडे बघायचा. म्हणायचा, "हात खोटं बोलतात गं. पाय नाही बोलत."

टेप आम्ही बर्फखान्यात भरली. स्टुडिओ परवडण्याचा प्रश्नच नव्हता, आणि घरी सराव केला तर शेजारी काठ्या घेऊन यायचे. जाड्याचा मामा बर्फाच्या कारखान्यात मेकॅनिक होता. तिथे एक कोठी रिकामी पडलेली होती. भिंतींना आतून हातभर जाडीचं बुचाचं अस्तर, बाहेर तोफ डागली तरी आत ऐकू येऊ नये. सुट्टीच्या दिवशी मामाने कुलूप उघडून दिलं. टेपचं मशीन एका काकांचं. ते लोकांची भाषणं, निरोपसमारंभ वगैरे टेप करून द्यायचे. त्यांना आम्ही टेपवाले काका म्हणायचो. कोठी बंद असली तरी गारवा भिंतीत मुरलेला, काकांनी मफलर गुंडाळला होता, माझी बोटं काठ्यांना चिकटत होती.

सगळं मांडून झालं आणि वीज गेली. मामा म्हणाले, "घाबरू नका, जनरेटर आहे." जनरेटर होता, आणि मामांचा त्याच्यावर जीव होता. तेल कमी जावं, यंत्राला त्रास होऊ नये म्हणून मामा तो नेहमी जरा मंद चालवायचे. दिव्यांना काही फरक पडत नाही, पंख्यांना पडला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. टेपच्या मशीनला मात्र पडतो. जनरेटर मंद, म्हणून मशीनची मोटर मंद, म्हणून रीळ मंद फिरत राहिलं. काकांनी उभ्या जन्मात जनरेटरवर टेप केलं नव्हतं. त्यांना हे माहीत नव्हतं, आम्हाला तर काहीच माहीत नव्हतं. दादाने नेहमीप्रमाणे नादकाटा वाजवला, म्हणजे आपटला की कायम एकच सूर देणारा तो लोखंडी चिमटा. हा त्याने शाळेच्या प्रयोगशाळेतून ढापलेला होता, गुडघ्यावर आपटून कानाशी धरायचा आणि त्यावर गिटार लावायचा. टिंग झालं, मी काठ्या वाजवून मोजलं, आणि आम्ही सुरू केलं. संध्याकाळपर्यंत सगळी गाणी झाली.

मंद रिळावर भरलेला आवाज घरच्या विजेवर, पुऱ्या वेगात वाजवला की काय होतं? सगळं पळतं. गाणं पळतं, आणि आवाज वर चढतो, बारीक होतो.

काकांच्या घरी आम्ही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा जाड्या उडालाच. "आयला, आपण असं वाजवलं? असं?" मलाही खरं वाटेना. मी कधी इतकं भराभर वाजवलं नव्हतं, आणि ऐकायला मला ती टेपमधली मुलगी फारच आवडली. आणि त्यावर तो चिरका, कापरा, घाई झालेला आवाज. दमलेला माणूस नव्हताच तो. 'थांबशील ना' असं विचारत नव्हता, धमकावत होता. दादा एकटाच फिरत्या रिळाकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "हा मी नाही." काका म्हणाले, टेपमध्ये स्वतःचा आवाज प्रत्येकाला परका वाटतो. ते खरंही आहे, म्हणून आम्ही सगळे हसलो. तोवर काकांनी सुरुवातीची टिंगटिंग कापून कॅसेटच्या प्रती काढायला दिल्याही होत्या.

त्या कॅसेटचं पुढे जे झालं ते आम्ही केलेलं नाही. दुकानात ती कुणी विचारली नाही. पण कुणीतरी ती एका होस्टेलमध्ये नेली, तिथून एकावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशी ती पसरत गेली, सर्दीसारखी. मुलं तिला 'बर्फखान्यातली टेप' म्हणायला लागली. ज्यांना ती आवडली त्यांना वेड लावल्यासारखी आवडली, आणि बाकीच्या जगाला तिचा पत्ताही नव्हता. आजही तसंच आहे. एकाने तर दादा वारला असं गृहीत धरून त्याच्यावर लांबलचक लेख लिहिला. दादाने तो वाचला आणि म्हणाला, "चांगलं लिहिलंय."

त्या दिवसांत आम्हाला एका कॉलेजच्या हॉलमध्ये बोलावलं. हॉल भरलेला. दादा माईकसमोर आला आणि त्याच्या नेहमीच्या आवाजात, नेहमीच्या लयीत 'लिफ्ट बंद आहे' सुरू केलं. दोन ओळी झाल्या. मागून एक पोरगा ओरडला, "अहो, टेपमधल्याला आणा!" हॉल हसला. मी हातातली काठी फेकून मारणार होते. दादा थांबला नाही. सगळं गाणं संपवलं, खाली उतरला, सामान गाडीत भरलं. दुसऱ्या दिवशी गिटार घेऊन टेपच्या शेजारी बसला आणि तारा चढवत गेला, टेपशी जुळेपर्यंत. गिटारच्या पट्टीवरची जवळजवळ दोन घरं वर. तेव्हा आम्हाला बर्फखान्याचा घोळ कळला. जाड्या म्हणाला, "कळला ना? मग झालं तर. लोकांना जे हवंय ते दे."

आणि दादाने दिलं. तीन वर्षं तो आपलाच आवाज पकडायला धावला. दोन घरं वर, तेवढ्याच घाईने, नरड्याच्या शिरा ताणून. मी मागे बसून बघत होते, त्याची मान लाल व्हायची. मी सांगितलं, आईने सांगितलं, घशाच्या डॉक्टरने तर ओरडून सांगितलं. शेवटी गाठी झाल्या. ऑपरेशन झालं, आणि जे उरलं ते हे, लाकूड घासल्यासारखं. जाड्याने टायरचं दुकान टाकलं. मी गाड्या शिकवायला लागले. दादा लिफ्टच्या कंपनीत लागला. गाण्याचं नाव बघूनच नोकरी दिली असेल, असं मी म्हणायचे. तो हसायचा नाही.

वहिनी मात्र हसायच्या. वहिनी एका थिएटरच्या तिकीटखिडकीवर होत्या. ऑपरेशनच्या दोन वर्षं आधी त्यांचं लग्न झालं, म्हणजे कार्यक्रम जोरात असतानाच, पण त्या एकाही कार्यक्रमाला आल्या नाहीत. टेप एकदा ऐकली, अर्धी, आणि बंद केली. कुणी चाहता घरी आला आणि टेपचं कौतुक करू लागला की त्या सरळ सांगत, "मला नका सांगू. त्या टेपमधल्या माणसाशी माझं लग्न झालेलं नाही." लोकांना वाटे, बाईला संगीतातलं काही कळत नाही. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटे.

दादाची एक गोष्ट सांगते, म्हणजे तो कसा माणूस आहे ते कळेल. एका मोठ्या इमारतीत एक साहेब लिफ्टमध्ये अडकले. दादा वर मशीनखोलीत. खालून आवाज आला. आधी बोंबाबोंब, मग साहेबांनी धीर यावा म्हणून गाणं सुरू केलं. आणि गाणं कुठलं? तेच. लिफ्ट बंद आहे. चिरक्या आवाजात, टेपबरहुकूम, अक्षरही न चुकता. दादाने हाताने चाक फिरवून लिफ्ट मजल्याशी आणली, खाली येऊन दार उघडलं. साहेब घामाघूम. म्हणाले, "एवढा वेळ लावतात होय?" आणि निघून गेले.

"अरे, मग सांगितलं का नाहीस? गाणं माझं आहे म्हणून?" मी चिडून विचारलं.

"बेसूर होता तो," दादा म्हणाला. "म्हणजे अगदी टेपसारखाच."

मला या माणसाचा राग येतो तो यामुळे. जग डोक्यावर घ्यायला तयार असताना हा खाली वाकून आपली चप्पल शोधणार. चाळीस वर्षं त्याच्या वाट्याचं मीच भांडले. जो भेटेल त्याला सांगत आले की बाबांनो, तो त्याचा आवाज नाही, यंत्राची चूक आहे ती, त्याचा खरा आवाज मी ऐकलाय. लोक मान डोलवत. मग विचारत, "पण टेपमधला भारीच आहे ना?"

गेल्या वर्षी दोघं जण आली. एक मुलगा, त्याला मी दाढी म्हणते, आणि एक मुलगी, तिला चष्मा. जुनी, विसरलेली गाणी शोधून ती नव्याने रेकॉर्डवर काढतात. पोरं चांगली होती. चार मजले चढून आली आणि धापा टाकत टाकत दादाच्या पाया पडायला निघाली तेव्हा दादा खुर्ची घेऊन मागे सरकला. त्यांना बर्फखान्यातली टेप रेकॉर्डवर काढायची होती. आणि त्यांनी शोधून शोधून काय आणलं होतं? मूळ रीळ. टेपवाले काका वारले, त्यांच्या सुनेने माळ्यावर एका पत्र्याच्या डब्यात ठेवलं होतं. न कापलेलं.

त्यांनी मशीन लावलं. पहिला आवाज आला, टिंग.

दादा उठला. गुडघे धरत आत गेला, कपाटात खुडबुड केली आणि तो नादकाटा घेऊन आला. गंजलेला, पण तोच. गुडघ्यावर आपटला. टिंग. खोलीतला टिंग खाली होता आणि टेपमधला वर. कुणालाही कळावं असा फरक. शाळेतला काटा काही म्हातारा होत नाही, त्याचा आवाज जायचा नाही. चष्मा दोन्ही हात गालांवर ठेवून बसली. म्हणाली, "म्हणजे आता मोजता येईल. हा सूर त्या सुरावर आणला की टेप तेव्हाच्या वेगाने वाजेल. अगदी तुम्ही गायलात तशी."

दादाने काटा मांडीवर ठेवला. मग त्या घासलेल्या आवाजात जे म्हणाला, ते मी त्याच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. त्याने काहीतरी मागितलं. "मग तशीच काढा. बरोबर वेगाची. माझा आवाज आता आहे तो तेवढाच. त्या डब्यात."

दाढी चुळबुळला. त्याचंही खरं होतं. "काका, पण लोकांनी ती चाळीस वर्षं जशी ऐकली... लोक म्हणतील तुम्ही बिघडवली."

"हिला ऐकवा," दादा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. "ही होती तिथे. जाड्या तर गेला. माझा आवाज ऐकलेली हीच एक उरली आहे. ही बरोबर म्हणाली तर बरोबर. नाही म्हणाली तर तुमची तुम्ही काढा, मी सही करतो."

मला काय, मी तर चाळीस वर्षं याचीच वाट बघत होते. म्हटलं, आणा रे, कधी आणता?

रविवारी दुपारी आणली. खोलीत आम्ही चौघं. वहिनी आत इस्त्री करत होत्या, त्यांना यात रस नव्हता. मी मुद्दाम सोफ्याच्या कडेला ताठ बसले, पंचाला शोभेल अशी. दादा समोरच्या स्टुलावर. चष्म्याने बटण दाबलं. टिंग, आणि या वेळी दादाने हातातला काटाही वाजवला. दोन्ही टिंग एकमेकांत विरघळून गेले. मग माझ्या काठ्या, एक, दोन, तीन, चार.

आणि दादा गायला लागला.

मला वाटलं होतं मी रडेन. रुमाल काढून ठेवला होता. पण मी ऐकतेय, ऐकतेय, आणि मला काही भेटेना. कुणीतरी जाड आवाजाचा माणूस अडखळत गातोय. ड्रम तर कुणी झोपेत वाजवतंय. मला वाटत होतं, अरे, चल की पुढे! माझ्या डोक्यात ते गाणं केव्हाच पुढच्या ओळीवर गेलं होतं आणि हा माणूस अजून तिसऱ्या मजल्यावरच बसलेला. तेव्हा कळलं. मी ज्याच्यासाठी जगाशी भांडत होते तो आवाज मला आठवतच नव्हता. माझ्या कानात टेपच होती. त्या लेख लिहिणाऱ्याच्या, त्या लिफ्टमधल्या साहेबाच्या, सगळ्यांच्या कानात होती तीच.

गाणं संपलं. सगळे माझ्याकडे बघू लागले.

"बरोबर आहे," मी म्हणाले. ठासून म्हणाले. "अगदी असाच गायचा तो. शब्दन् शब्द."

दाढी आणि चष्म्याने एकमेकांकडे बघितलं. दादा माझ्याकडे बघत नव्हता. तो खाली बघत होता, माझ्या पायाकडे. तेव्हा मला जाणवलं की माझी टाच गाणंभर जमिनीवर पडत होती. टेपच्या आधी. प्रत्येक ठोक्याला आधी. मी पाय सोफ्याखाली ओढून घेतला, पण आता काय उपयोग.

"राहू दे," दादा म्हणाला. रागाने नाही. थकलेला माणूस पिशवी खाली ठेवतो तसं. "जुनीच काढा. आण बाळ, कुठे सही करायची?"

मी, जी परीक्षेत नापास झालेल्याच्या बापालाही गप्प करते, ती रुमालाची घडी घालत बसले. तेवढ्यात आतून जळल्याचा वास आला आणि पाठोपाठ वहिनी. हातात इस्त्री तशीच, तिची वायर मागून फरफटत येत होती. त्या दादाकडे नाही, मशीनकडे बघत होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे तुम्ही कधी गायलात?"

दादा म्हणाला, "तेच आहे ते. बर्फखान्यातलं."

"काहीतरीच काय! त्या टेपमधला मला माहीत नाही होय? हे तुम्ही आहात. छकुलीला झोपवायचात तसे." छकुली त्यांची मुलगी, आता तिलाच दोन मुलं आहेत. वहिनींनी इस्त्री उंबऱ्यावर उभी केली आणि पदर तोंडाला लावला. "माझा जन्म गेला, कुणाला खरं वाटलं नाही. मी सांगत होते, हे असे गातात. असे." मग एकदम, "आणि तुमच्या शर्टाची कॉलर जळली, सांगून ठेवते."

चष्मा रडत होती. रुमाल मी तिला दिला.

दादा उठून वहिनींजवळ गेला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, त्याचं कुणालाच ऐकू येत नाही. वहिनी मान हलवत राहिल्या. मग तो परत येऊन स्टुलावर बसला आणि त्या पोरांना म्हणाला, "लोकांना त्यांची टेप द्या. त्यांनी सांभाळली, त्यांची आहे. ही मात्र इथे ठेवून जा." दाढी म्हणाला, दोन्ही काढू, एका बाजूला ही, एका बाजूला ती. दादाने मान हलवली. "नको. पुन्हा कुणी ओरडेल, टेपमधल्याला आणा." हे बोलताना तो हसला, आणि मी चाळीस वर्षांनी पहिल्यांदा बघितलं की त्या हॉलमधलं त्याच्या किती आत लागलं होतं. हसल्यावरच कळतं कधीकधी.

रेकॉर्ड निघाली. ज्यांना आवडायची त्यांना आवडली, बाकीच्या जगाला पत्ता नाही. माझ्या शिकाऊंपैकी दोघातिघांनी घेतली. मी आता कुणाशी भांडत नाही. "काय आवाज होता हो," असं कुणी म्हटलं की म्हणते, "हो. आरसा बघ."

मागच्या आठवड्यात दादाकडे गेले. सकाळपासून एक बाई गाडी बंद पाडत होत्या, प्रत्येक सिग्नलला, आणि माझ्या बाजूच्या क्लचने माझा जीव घेतला होता. तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचले आणि पाय म्हणाले, बास. पायरीवर बसले. वर दार उघडं असावं. वहिनींनी ती टेप लावली होती. त्या रोज दुपारी लावतात, इस्त्री करताना.

मी ऐकत बसले. पायाने पुन्हा तेच केलं, पळाला पुढे. मी दुसरा पाय त्याच्यावर ठेवला, दाबून. शिकाऊंना सांगते ना, हळू सोड, हळू, घाई कुणाला आहे. वरून तो म्हणत होता, जरा श्वास घेतो. आणि एका ठिकाणी, फक्त एकाच ओळीत, माझी टाच आणि त्याचा शब्द एकदम पडले. मग पुन्हा चुकलं.

गाणं संपलं तेव्हा जिन्यात खालून कुणीतरी धापा टाकत येत होतं. दादाच होता, हातात भाजीची पिशवी. मला पायरीवर बघून थांबला, कठड्याला धरून श्वास घेतला. माझ्या पायांकडे बघितलं, एकावर एक ठेवलेल्या.

"पुन्हा लावायला सांगू?" त्याने घासल्या आवाजात विचारलं.

"सांग," मी म्हणाले. "आणि तूही बस इथे."